रेडिओंना जेवू घालणारे नामदेवभाऊ

खांबावर चढण्याआधी नामदेवभाऊ मान वर करून विचारतात, "काय रं, जेवलास का?" आजूबाजूला पाहावं तर कुणीच नसतं. खांबाच्या टोकाला थाळीएवढा पांढरा रेडिओ असतो. प्रश्न त्याला असतो.

मी लोणावळ्यातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत तक्रारींचे फोन घेते. मावळात जिथं तार पोचत नाही तिथं आमचं नेट हवेतून जातं, एका टेकडीवरच्या रेडिओकडून दुसऱ्या टेकडीवरच्या रेडिओकडे. रेडिओला वीज लागते आणि टेकडीवर वीज नसते. मग जवळच्या एखाद्या घरात प्लगला एक छोटी डबी लावायची आणि नेटच्याच केबलमधून वीजही वर पाठवायची. भाऊ हे असं सांगतात, "ताई, एकाच नळीतनं त्याला घास बी जातो अन् त्याचं बोलणं बी येतं. आपल्या गळ्यावानी."

हे रेडिओ बसवणारे आणि दुरुस्त करणारे आमचे भाऊ टाकवे बुद्रुकचे. वय पन्नाशीच्या पुढं, चाल संथ, आवाज त्याहून संथ. रेडिओ बिघडला असं ते कधीच म्हणत नाहीत. तो रुसलेला असतो, पेंगलेला असतो, किंवा केबल फार लांब होऊन वीज वाटेतच जिरली तर अर्धपोटी असतो. एकदा नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यातले साहेब फोनवर भडकले. मी फोन भाऊंच्या हातात दिला.

"सायेब, लेकरू अर्धपोटी हाय," भाऊ म्हणाले. "वाईच दम धरा."

"कुणाचं लेकरू?" साहेबांनी घाबरून विचारलं, आणि भांडायचंच विसरले.

धुक्याचं त्यांना वेड आहे. वलवण धरणावरून धुकं चढू लागलं की हातातली पक्कड तशीच धरून पाहत राहतात. "ह्या धुक्यातनं आत्ता किती जणांचं बोलणं चाललं आसंल, ताई. कुटं लेक आईशी बोलती, कुटं कोन भांडतंय. अन् आपल्याला नुसतं पांढरं दिसतंय." त्यांच्याबरोबर उभं राहिलं की मलाही त्या पांढऱ्यातून कुजबुज ऐकू येतेय असं वाटायला लागतं. फोन वाजला की जाग येते.

वलवणच्या वरच्या अंगाचा एक रेडिओ मात्र सारखा बंद पडायचा. खालच्या वस्तीतल्या पोरांचे ऑनलाइन तास बुडायचे आणि त्यांच्या आया मला फोनवर धारेवर धरायच्या. भाऊ सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "उपाशी व्हता." शेवटी एका थंडीतल्या सकाळी मीच त्यांच्याबरोबर निघाले.

पायवाट धुक्यात बुडालेली होती. खांबाच्या जरा खाली एक कौलारू घर होतं. तिथं हिरामावशी एकट्या राहत. आमची डबी त्यांच्याच भिंतीवर होती आणि प्लग काढलेला होता.

"मावशी, हा प्लग कुणी काढला?" मी विचारलं.

"उंदरानं काढला आसंल," मावशी म्हणाल्या.

उंदरानं प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवली होती आणि धूळ बसू नये म्हणून वर धुतलेलं फडकं टाकलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाले, "ताई, च्या घ्या."

प्लग लावायला लागला एक क्षण. त्यानंतर भाऊंनी कौलं सारखी केली, लाकडं फोडली, पाण्याचा पिंप भरला. मग तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी. मावशी वाढत होत्या, भाऊ जेवत होते.

उतरताना मी म्हटलं, "भाऊ, मावशी मुद्दाम काढतात प्लग."

"म्हाईत हाय."

"मग?"

भाऊ चालता चालता म्हणाले, "त्याबिगर ती मला बोलवंल कशी? अन् कामाबिगर मी तरी कसा जाऊ? आमची मंडळी गेल्यापासनं मी कुनाच्या घरी नुसता असा गेलोच न्हाई, ताई."

ऑफिसात मी याबद्दल काही बोलले नाही. पण वस्तीच्या तक्रारी थांबत नव्हत्या. कंपनीनं त्या खांबावर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवायचं ठरवलं. ती भाऊंनीच बसवली. मावशींच्या घरातली डबी काढायला आम्ही दोघं गेलो.

"आता रेडिओ बंद न्हाई पडनार?" मावशींनी विचारलं.

"न्हाई."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या.

भाऊंनी डबी पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो. कुंपणाशी ते थांबले. दिवसभर खांबांशी गप्पा मारणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. बरंच धुकं आमच्या अंगावरून गेलं. मग ते मागं वळले.

"मावशी, रविवारी येऊ का?"

"कशाला? काय काम हाय?"

"काम काय न्हाई."

मावशींचा झाडू थांबला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"मंग सकाळीच ये, नामदेवा," त्या म्हणाल्या. "काम न्हाई तर उशीर कशापायी करायचा?"