श्रेयाचं दुसरं कडवं

“बन्सीमामा, तुमच्या टँकरवर माझं गाणं वाजवाल का?”

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि श्रेयाचे कान लालबुंद झाले. कारण प्रश्न तिचा नव्हताच. तो होता पार्किंगमधल्या स्कूट्यांमागे लपून खिदळणाऱ्या अश्लेषा आणि मनस्विनीचा. “विचारून दाखव, नाहीतर यापुढे वर्गात स्वतःला सिंगर म्हणवायचं नाही,” अशी पैज लागली होती. सिंगर म्हणवून घेणं श्रेयाला अलीकडेच सुचलं होतं. त्याआधी ती फक्त डान्सर होती, पण दुसऱ्याच्या गाण्यावर किती दिवस नाचायचं, म्हणून तिने स्वतःचंच गाणं केलं होतं.

बन्सीमामा टँकरला पाइप जोडत होता. त्याने मान वर केली.

“गानं? कोन्या पिच्चरचं?”

“पिच्चरचं नाही. मीच लिहिलं, मीच म्हटलं.”

“आन् म्युझिक?”

“अश्लेषाचा मोबाइल आणि आमचा पोह्याचा डबा.”

“भजन नाय ना हे? भजन लावलं की म्हाताऱ्या हात जोडून हुभ्या ऱ्हात्यात. मंग बादली कोन लावनार?”

“नाही हो मामा, डान्सचं आहे!”

“मंग दे की. हॉर्न वाजवून वाजवून माझा हॉर्न थकलाय. कुनी खिडकीतून बघत बी नाय.”

त्याचंही खरं होतं. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. शहर बायपास ओलांडून सुसाट पुढे धावत सुटलं होतं, नळाचा पाइप मात्र अलीकडेच दम खात बसला होता. श्रेयाच्या वसाहतीत नव्याकोऱ्या इमारती होत्या, लिफ्ट होती, संगमरवरी जिने होते. नव्हतं ते पाणी. ते बन्सीमामाच्या टँकरमधून यायचं, आणि रस्त्यावरचा प्रत्येकच जण हॉर्न वाजवत असल्यामुळे ते आलेलं कुणाला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरला बांधलेल्या भोंग्यातून श्रेयाचा आवाज गल्लीत घुमला.

*थांब थांब रे उन्हा, नाचते मी पुन्हा,*
*टाच माझी तापली तरी ठेका सोडीना!*

पहिल्या खेपेला लोक गॅलरीत आले ते नुसतं बघायला. दुसऱ्या खेपेला बादल्या घेऊन आले. आठवडाभरात अशी गत झाली की ‘थांब थांब’मधला पहिला ‘थांब’ निघाला की जिन्यावरून ड्रम गडगडायला लागायचे. इतर टँकरवाल्यांनी बन्सीमामाचा टँकर चटाचट रिकामा होताना पाहिला आणि त्याच्याकडून गाणं मागून घेतलं. पार करमाड गावापर्यंत जिथे जिथे टँकर, तिथे तिथे श्रेया! टँकरवर चढून ती नाचली, तो व्हिडिओ मनस्विनीने मोबाइलवर टाकला आणि तोही इकडून तिकडे फिरला. शाळेतल्या ज्या मुली तिला कधी डबा विचारत नव्हत्या, त्या आता तिच्या वहीवर सही मागू लागल्या.

पण प्रसिद्धीचे चटकेही लवकरच बसायला लागले. ड्रेसचं कापड घ्यायला श्रेया आईबरोबर गुलमंडीच्या बाजारात गेली, तर दुकानदाराचा मोबाइल वाजला आणि रिंगटोन नेमकी हीच! साड्या बघत बसलेल्या चार बायका गादीवरून ताडकन उठल्या. “अरे बैठो बहनजी, फोन है, पानी नहीं!” असं दुकानदार ओरडेपर्यंत त्यातली एक रिक्षात बसलीसुद्धा होती. शहागंजातल्या एका बँडवाल्याने हीच चाल वरातीत वाजवली. दुतर्फा घरांतून माणसं घागरी घेऊन धावत आली, वरातीत मिसळली, आणि नवरदेवाला घोड्यावरून उतरता येईना. वधूकडच्यांना वाटलं, मुलाकडचे सांगितल्यापेक्षा जास्तच पाहुणे घेऊन आलेत.

श्रेयाला हे सगळं आवडत होतंच. पण एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. तिच्या गाण्याला दुसरं कडवं होतं. तिने सगळ्यांत जास्त मेहनत त्याच कडव्यावर घेतली होती, आणि ते आजवर गल्लीतल्या एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. दुसरं कडवं यायच्या वेळेला अख्खी गल्ली पाइपाशी भांडत असायची.

“मावशी, गाणं कसं वाटलं?” तिने शेजारच्या आवडामावशींना एकदा मुद्दाम विचारलं.

“झ्याक हाय की! पान्याला जोर बी चांगला व्हता.”

अशातच बातमी आली. पुण्याची गाण्यांची एक कंपनी शहरातल्या नाट्यगृहात स्पर्धा घेणार होती. स्वतःचं गाणं म्हणायचं, त्यावर नाचायचं. जो पहिला येईल त्याचं गाणं कंपनी थाटामाटात रेकॉर्ड करणार, व्हिडिओ काढणार. श्रेयाने नाव दिलं आणि घरी सांगितलं.

पप्पांनी, म्हणजे सुदर्शनरावांनी, करमाडची शेती भावावर सोपवून शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी धरली होती. लेकीने शिकावं, खुर्चीवरची नोकरी करावी, एवढंच त्यांच्या डोक्यात.

“औंदा दहावी हाय, ध्यानात हाय का?” पप्पा म्हणाले. “टँकरवर नाचून का इंजिनेर होनारेस?”

“पप्पा, इंजिनिअर व्हायचंय कुणाला?”

“घ्या! ऐकलं का गं?” त्यांनी आईकडे पाहिलं.

“ऐकलं की. पर त्या गान्यामुळंच आपल्याला पानी कळतंय, ते बी ध्यानात ठिवा,” आई म्हणाली.

पप्पांनी बराच विचार करून निकाल दिला. “ठीक. जा तिथं. मी बी येतो. हॉलातली मानसं तुझं गानं सरेपर्यंत जागची हलली नाय, तर नाचाचा क्लास चालू. उठून गेली, तर दहावी होईस्तोवर नाच बंद. मंजूर?”

“मंजूर!” श्रेया म्हणाली. तिला वाटलं, यात काय अवघड आहे! नाट्यगृहात खुर्च्या असतात, पंखे असतात. तिथे तरी दुसरं कडवं ऐकायला माणसं मिळणार होती.

स्पर्धेचा दिवस उजाडला. नेमका त्याच दिवशी सकाळी टँकर आलाच नाही. दुपार झाली, तरी नाही. बायका एकमेकींना “आला का गं?” विचारत नाट्यगृहात शिरल्या. अख्खी वसाहत श्रेयासाठी आली होती, पण सगळ्यांचा एक कान बाहेर रस्त्यावर होता. पप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. श्रेयाआधी एका मुलाने इतकं संथ गाणं म्हटलं की मागच्या रांगा पेंगल्या. मग पुकारा झाला.

“आता येतेय, श्रेया!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रेया मंचावर आली, ठेका सुरू झाला, तिने पहिली गिरकी घेतली आणि माइक तोंडाशी धरला.

“थांब थांब रे उन्हा…”

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईची मूठ आपोआप वळली, जणू बादलीची कडी धरलीय. शेजारची अर्धवट उठली. पेंगणारे खडबडून जागे झाले.

“आलं गं बाई, आलं!”

बस! पुढे जे झालं, त्याला फक्त ‘फुटणं’ म्हणता येईल. नाट्यगृह फुटलं. गाणं मंचावर चालू आहे हे सगळ्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. खुर्च्या धडाधड मिटल्या. जागा राखायला लोकांनी खुर्च्यांवर रुमाल टाकले, पर्सा टाकल्या. एका बाईने तर सासऱ्यांनाच बसवून ठेवलं. आणि दारातून सगळ्यांत आधी बाहेर पडलेली पाठ श्रेयाने मंचावरूनच ओळखली. कडक इस्त्रीच्या शर्टातली ती पाठ पप्पांची होती. त्यांच्यामागे आई धावत होती, “आवो, कॅन घरीच ऱ्हायलाय की!”

मुखडा संपला तेव्हा हॉलमध्ये उरले होते परीक्षक, आणि ते राखणीला बसवलेले सासरे.

“इतका अपमान इतक्या शिस्तीत झालेला मी पहिल्यांदाच बघतेय,” एक परीक्षक बाई हळूच म्हणाल्या.

श्रेयाने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. क्लास गेला. नाच गेला. आणि दुसरं कडवं तर आत्ताच सुरू व्हायचं होतं!

“पोरी, थांबू नको,” सासरे खुर्चीतून ओरडले. “मला ऐकू येत नाय, पर दिसतंय ब्येस!”

त्या वाक्याने काय झालं कोण जाणे. श्रेयाला आधी हसू आलं, मग चीड आली, आणि मग ती माइक हातात घेऊन मंचावरून खाली उडी मारून सरळ दाराकडे पळत सुटली. माइक बिनवायरचा होता आणि भोंगे अंगणातही लावलेले होते.

बाहेर येऊन बघते तर काय! टँकर नव्हताच. रांग मात्र लागली होती. अंगणाच्या फाटकापासून पायरीपर्यंत, नीट वळण घेऊन, एकामागे एक. पुढच्या नंबरासाठी दोघी भांडतही होत्या. रांगेच्या अगदी तोंडाशी पप्पा उभे होते, रिकाम्या हाताने, आणि त्यांच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं की आपण काय करून बसलो. पण नंबर पहिला होता. तो सोडवत नव्हता.

टँकर जिथे उभा राहायला हवा होता, नेमकी तिथे श्रेया जाऊन उभी राहिली. ठेका चालूच होता.

*सावली मागू कुणाला, मीच होते झाड,*
*गिरकीमधून वारा येतो, उघड तुझं कवाड!*

कुणी हललं नाही. हलणार कसं? न जाणो, टँकर आला तर! मागच्याला पुढे घुसायला कोण देणार? म्हणून सगळ्यांनी आपापली जागा धरून ते कडवं ऐकलं, अगदी सबंध. अर्ध्यावर आवडामावशींचा हात तोंडाकडे गेला.

“अगो बाई! ह्याला फुडं बी हाय व्हय?”

“कधीचंच आहे, मावशी!” श्रेया गाता गाता ओरडली.

मग कुणीतरी टाळी धरली. पोरं जागच्या जागी उड्या मारायला लागली. भांडणाऱ्या दोघींनी भांडण अर्धवट ठेवून ठेक्यावर माना हलवल्या. बघता बघता अख्खी रांग, नंबर न सोडता, नाचू लागली. श्रेयाने अशी गिरकी घेतली, अशी घेतली की धूळ उडून पप्पांचा शर्ट मातकट झाला. गाणं संपलं तेव्हा टाळ्यांच्या आवाजाने फाटकाबाहेरच्या रिक्षा थांबल्या.

पुण्याचे केशवराव, म्हणजे कंपनीचे मुख्य, पायरीवर उभे होते. रांग म्हणजे काय प्रकार आहे, टँकर म्हणजे काय प्रकार आहे, हे आवडामावशींनी त्यांना एका श्वासात सांगितलं. ते पोट धरधरून हसले.

“अहो, लोकांना खुर्चीतून उठवणारं गाणं मिळावं म्हणून आम्ही गावोगाव हिंडतोय,” ते म्हणाले, “आणि या मुलीनं एका ओळीत सभागृह उठवलं! बक्षीस दुसऱ्या कुणाला देऊ मी?”

श्रेयाने पप्पांकडे पाहिलं. पप्पा शर्ट झटकत होते.

“पप्पा… माणसं उठून गेली.”

“गेली खरी,” पप्पा खाकरले.

“सगळ्यांत आधी कोन पळालं, ते सांगू का सायबांना?” आईने विचारलं.

“तू गप गं. मी काय म्हनतो श्रेया… लोक बसून ऐकतील, इतकंच मी धरलं व्हतं. पर हे तर हुभं ऱ्हाऊन ऐकायलेत. म्हंजे जास्तीचंच झालं की. क्लास चालू!”

श्रेयाच्या छातीवरचा धोंडा असा खाली आला की ती मटकन पायरीवरच बसली. अश्लेषा आणि मनस्विनी तिच्या अंगावर येऊन आदळल्या. आईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, धूळ गेली.

मग केशवराव शेजारी येऊन बसले आणि त्यांनी कामाचं बोलणं काढलं. हे गाणं दिलं तर व्हिडिओ याच महिन्यात. पण मग ते कंपनीचं होणार, आणि टँकरवर वाजवता यायचं नाही. नाहीतर नवं गाणं करून दे, पण त्याला वेळ लागेल. “आईबाबांशी बोल आणि सांग,” ते म्हणाले.

याच महिन्यात! श्रेयाच्या डोळ्यांसमोर दिवे लुकलुकले. मग तिने रांगेकडे पाहिलं. रांग अजून मोडली नव्हती. बायका तिचा मुखडा गुणगुणत, फाटकाकडे डोळे लावून उभ्या होत्या. गाणं नेलं, तर उद्या यांना पाणी आलेलं सांगणार कोण? तो थकलेला हॉर्न?

ती उठली, ड्रेस झटकला आणि आईपप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

“माझं ठरलंय. हे गाणं टँकरवरच राहणार. कंपनीला मी नवं देणार, दहावीची परीक्षा संपली की लगेच. आणि यावेळी,” तिने एक दीर्घ श्वास घेतला, “सुरुवातच दुसऱ्या कडव्यापासून करणार!”