महालिंगअप्पांचं टोचन

धारूरच्या घाटात कुणाचीही गाडी थांबलेली दिसली, की महालिंगअप्पा आपली जुनी जीप तिच्यापुढं आणून उभी करत आणि विचारत, "वढू का?" गाडी बंदच पडलेली असली पाहिजे असं काही नाही. माणूस डबा खायला बसलेला असो नाहीतर झाडाआड गेलेला असो, प्रश्न ठरलेला. एकदा एक वऱ्हाड घाटात चहाला थांबलं होतं. ड्रायव्हर टपरीवर. अप्पांनी दोरी बांधली आणि नवरदेवासकट गाडी घाट चढवून वर आणली. नवरदेवाच्या मामानं जीव मुठीत धरून स्टिअरिंग धरलं होतं. ड्रायव्हर मागून पळत आला, तर अप्पा त्यालाच म्हणाले, "तेवढंच डिझेल वाचलं तुमचं."

बंद गाडी दुसरीनं ओढत न्यायची, याला आमच्याकडं टोचन म्हणतात. अप्पांचा हा धंदा नव्हता. बाजारात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. हा नुसता नाद. ओढून आणलेल्या माणसाला ते गॅरेजऐवजी आधी आपल्या दारात आणत. "चार घास खाऊन घ्या. गाडी कुठं पळून जाती का? बंदच हाय की."

मी त्यांचा भिंतीला भिंत लावून शेजारी, शाळेत मास्तर. पलीकडून अनोळखी माणसांचे संकोचलेले आवाज यायचे आणि "घ्या की अजून, लाजू नका" हा अप्पांचा आग्रह. अप्पांच्या घरच्या काकू वारल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. आम्ही घरात हसायचो, "आज कोण सापडलं बिचारं?"

मुलगा बसवराज पुण्याला कंपनीत होता. आईच्या वेळी येऊन गेला, तो गेलाच. तेव्हा नव्या नव्या गाड्या निघत होत्या, बाजारात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते. बसवराजनंही गाडी घेतली. अप्पा बूथमधून इतक्या मोठ्यानं बोलायचे की तार नसती तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. दर सणाला तो "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. एकदा म्हणाला, "अप्पा, नवी गाडी आहे. तुमच्या घाटात बंद पडली तर कोण बघणार?"

अप्पांनी बूथबाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं की ही सबब आहे. अप्पांना ती अडचण वाटली. दुसऱ्याच दिवशी ते बीडच्या भंगार बाजारातून टोचनाचा एक हूक घेऊन आले. लिलावात निघालेल्या कुठल्यातरी ट्रकचा, गंजलेला, दोघांनी उचलावा असा.

"अप्पा, जीप तुमची म्हातारी," सलीम वेल्डर म्हणाला. "ह्यो हूकच तिला वढून न्हेईल."

"तू भोकं पाड."

"बंपरला वेल्डिंगचा डाग देऊन टाकतो. चहा पिऊस्तोवर मोकळे."

"बंपर म्हंजी टोपीचा गोंडा बे! गोंड्याला धरून मानूस वढतेत का? चासीला बसव."

हुकाची भोकं जीपच्या भोकांशी जुळेनात. मग जुन्या ट्रॉलीची जाड पट्टी मधे घातली, नवी भोकं पाडली. जीपचे नट गंजून एकजीव झाले होते. त्यांना रॉकेल पाजत बसावं लागलं. अप्पा धोतराचा काष्टा मारून गाडीखाली, आणि वरून पाना धरायला मी. "सर, गच धरा. पोरं धरता तसं." माझं बोट चेंगरलं तेव्हा खालून आवाज आला, "पाना निसटला का?" बोटाची चौकशी नाही. शेवटी हुकाला लाल रंग दिला, हळदकुंकू वाहिलं.

आता ओढून बघायचं काय? माझी स्कूटर. ती चांगली चालू होती. "तुमी निस्तं हँडल धरून बसा," म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळी भर बाजारातून जीपमागं स्कूटर आणि स्कूटरवर मी, अशी वरात निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'टोचन सर'.

मला ते फार लागलं. मी अप्पांशी बोलणं बंद केलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढं एका रविवारी बसवराज खरंच यायचा ठरला. अप्पांनी सकाळीच माझी कडी वाजवली. अंगात परीटघडीचा सदरा, हातात नारळ.

"सर, घाटाखाली जाऊन थांबतो. नवी गाडी गावात शिरायच्या आधी सामोरं जाऊन नारळ फोडावा लागतो. आन् बंद पडलीच तर हूक हाय."

"बरं," मी म्हणालो.

"येष्टीत बसवून देलतं मी त्याला, ह्याच घाटानं. गेला त्याच वाटंनं येईल ना मानूस."

पुण्याहून येणारा माणूस केजकडून येतो, त्या बाजूला आमचा घाट लागतच नाही, हे मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी दार लोटून घेतलं.

दुपारी केजकडून गाडी आली. बसवराज, त्याची बायको. अप्पांच्या दाराला कुलूप.

"सर, अप्पा कुठं गेले?"

"बाहेर गेलेत. कुठं ते सांगून जातात का?" मी म्हणालो.

माझ्या बायकोनं त्यांना आमच्याकडं बसवून चहा केला. माझी स्कूटर अंगणात उभी होती. घाटाखाली जाऊन यायला कितीसा वेळ? आता उठू, मग उठू, असं करत मी बसून राहिलो. अप्पांची एकदा तरी फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. बसवराज सारखं रस्त्याकडं बघत होता. त्यांना पुढं लातूरला सासरवाडीला पोचायचं होतं. उन्हं कलली तेव्हा तो म्हणाला, "आठवण नसेल राहिली त्यांना." मी तेही ऐकून घेतलं.

ते गेले आणि दिवस मावळताना जीप आली. बसवराज येऊन गेल्याचं माझ्या बायकोनं अप्पांना सांगितलं.

अप्पांनी जीप बंद केली. मग म्हणाले, "वाटंत कुठं बंद न्हाई ना पडली?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं." खाली उतरले. "रंग कंचा हाय वो गाडीचा?"

"पांढरा."

ते दारापुढच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. "ऊन लई व्हतं आज. सावलीत लावली व्हती ना?"

मी हो म्हणालो. गाडी दुपारभर उन्हातच उभी होती.