नलूताईंचं समन्स

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत नलूताईंचं दार ठोठावून "नलिनीताई आहेत का?" असं विचारा. लगेच उत्तर मिळेल, "त्या गावाला गेल्यात." आणि हे सांगायला दारात उभं कोण? स्वतः नलूताई! कमरेवर हात, गळ्यात शिलाईची टेप.

बाई ब्लाउज झकास शिवतात. पण दोन-तीन वर्षं त्यांचा खरा उद्योग म्हणजे कोर्टाचं समन्स चुकवणं. नवरा, विलासराव, केव्हाच घर सोडून डोंबिवलीला दुसरीबरोबर राहतो. आता त्याला रीतसर घटस्फोट हवाय. समन्स नलूताईंच्या हातात पडल्याशिवाय केस पुढे सरकत नाही, आणि नलूताई हात पुढे करत नाहीत.

पोस्टमनलाही तोंडावर सांगितलं, "नलिनी देवगडला गेलीय." तो बिचारा रडकुंडीला आला. "अहो ताई, दर दिवाळीला मला पोस्त तुम्हीच देता ना?"

"ती मी. नलिनी वेगळी."

मग बेलीफ आला, म्हणजे समन्स हातात द्यायला येणारा कोर्टाचा माणूस. बरोबर ओळख पटवायला वकिलाचा कारकून. त्याने नलूताईंना जन्मात पाहिलेलं नव्हतं, म्हणून लग्नाचा फोटो आणलेला. नलूताईंनी चष्मा लावून तो निरखला. मुंडावळ्या, खाली घातलेली मान.

"हिचं तोंड तरी दिसतंय का हो? अशाने उद्या कुणालाही धराल! ज्याने लग्न केलं त्याला आणा. त्याला सांगू दे, मग बघू."

बेलीफ आमच्याकडे वळला. अख्खी गॅलरी मुकी. मी बटाटे सोलत होते, ते सोलत राहिले. नसत्या भानगडीत कोण पडतंय?

पण एक सांगते. लोकांना 'गावाला गेल्यात' म्हणणारी ही बाई आईच्या तेराव्यालासुद्धा गावाला गेली नाही. भाऊ फोनवर रडला. ही म्हणाली, "माझ्या मागे इथे कुणी आलं म्हणजे?" त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं.

"नलूताई, कशाला त्या मेल्याला अडवून धरलंयस? सही कर आणि सुट एकदाची. नाहीतर दाराला कागद चिकटवून जातील आणि तुझ्या माघारी निकाल लागून जाईल!"

"चिकटवू देत," म्हणाल्या आणि मशीन चालूच ठेवलं. मला वाटलं, सूड उगवतायत. चाळीत सगळ्यांनाच तसं वाटायचं.

गेल्या महिन्यात बेलीफ आला तो विलासरावांना घेऊनच. केस पिकलेले, जिना चढून धाप लागलेली. नलूताईंनी त्यांना गल्लीत शिरतानाच पाहिलं असणार, कारण दार उघडंच होतं. अंगावर इस्त्रीची साडी.

"या. चहा टाकते."

"खाली टॅक्सी थांबलीय," विलासराव चपलांकडे बघत म्हणाले.

बेलीफने विचारलं, "याच का तुमच्या पत्नी? नीट बघून सांगा."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "बारीक झालीय. पण हीच."

नलूताईंनी मुकाट्याने पेन घेतलं आणि दाखवलं तिथे सही केली. दोघं खाली उतरले.

मला राहवेना. एवढं सगळ्यांना नाचवलं आणि आता दोन मिनिटांत सही? मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. कागद न वाचताच मशीनवर टाकलेला. नलूताई कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या, दंडावर सैल पडलेली ब्लाउजची बाही चिमटीत धरून. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ऐकलंस ना गो?" त्या म्हणाल्या. "बारीक झालीय म्हणाले. म्हणजे आधी मी कशी होते, ते लक्षात आहे त्यांच्या."