चार मीटर पस्तीस सेंटिमीटर

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांची गाडी सात महिन्यांत एकदाही जागची हलली नव्हती. गाडीत बिघाड काहीच नव्हता. पण घरासमोरची जागा सोडली, की शेजारी दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तिथे स्वतःची गाडी लावतील, याची त्यांना खात्री होती. म्हणून ते भाजीला पायी, बँकेत बसने आणि नातेवाइकांकडे नातेवाइकांच्याच गाडीतून जात. दर रविवारी ते गाडी पुसत, इंजिन पाच मिनिटे चालू ठेवत आणि समाधानाने बंद करत.

अडचण बायकोने आणली. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकून परवाना काढला. त्यालाही आता चार महिने झाले होते.

"उद्या मी ताईकडे गाडीने जाणार," बाईंनी जाहीर केलं.

"अगं, पण जागा?"

"जागा कुठे पळून जातेय?"

"आपली गाडी हलली की डॉक्टरांची आलीच म्हणून समज."

"अहो, मग गाडी घेतलीतच कशाला? तिथे एक मोठी कुंडी ठेवायची होती. ताई दर फोनला विचारते, परवाना फ्रेम करून लावलायस का म्हणून. उद्या मी जाणार म्हणजे जाणार."

सकाळी निरीक्षकांनी पोलादी टेप काढली. गाडी तीन मीटर पंच्याऐंशी. पुढेमागे पाव-पाव मीटर धरून जागा चार मीटर पस्तीस. दोन्ही टोकांना खडूने रेघा मारल्या. बाई गाडी घेऊन कोपऱ्यावरून वळल्या, तेव्हा निरीक्षक स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून बरोबर मध्यावर बसलेले होते.

दहा वाजता डॉक्टरीणबाई आल्या.

"काका, गाडी कुठंय?"

"बाहेर गेलीये."

"मग उठा की. मी लावते."

"जागा भरलेली आहे."

"कशानं?"

"माझ्यानं."

"काका, इथे गाडी लावतात. माणूस नाही."

"कुठे लिहिलंय तसं?"

समोरचा माणूस उलट बोलू शकतो, याची डॉक्टरीणबाईंना धंद्यामुळे सवय नव्हती. त्यांनी मागच्या अरुंद फटीत गाडी घुसवली आणि तरातरा आत गेल्या. गाडीचं नाक रेघेच्या आत आलं होतं. निरीक्षकांनी मोजलं. चाळीस सेंटिमीटर. तक्रार करायला उठावं, तर जागा जाणार. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि बसून राहिले.

साडेअकराला सुजलेल्या गालाचे एक गृहस्थ दवाखान्यातून स्टूल घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"आत गर्दी फार. तुमचा नंबर कितवा?"

"मी पेशंट नाही."

"मीही परवापर्यंत हेच म्हणत होतो," गृहस्थ कण्हत म्हणाले.

एक वाजेपर्यंत तिथे चौघे जण बसले होते. बाईंचा फोन आला.

"अहो, जेवूनच निघते. आणि ऐका ना, गाडी काय छान पळते हो!"

निरीक्षकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

चार वाजता गाडी आली. पेशंट उठून हात हलवू लागले. "येऊ द्या! येऊ द्या!"

निरीक्षकांनी खुर्ची उचलली. "डॉक्टरांनी चाळीस खाल्लेत. उरले तीन पंचाण्णव. गाडी तीन पंच्याऐंशी. पुढे पाच, मागे पाच. आरामात बसते."

"वरून अलगद ठेवली तर बसेल," बाई खिडकीतून म्हणाल्या. "गाडी आडवी सरकत नाही हो."

"थांब, डॉक्टरांना गाडी मागे घ्यायला सांगतो."

"दात उपटतायत त्या," गाल सुजलेले गृहस्थ म्हणाले. "मघाशी ओरडणं ऐकलंत ना?"

बाईंनी गियर टाकला आणि त्या निघून गेल्या. निरीक्षकांनी घाईघाईने खुर्ची पुन्हा मांडली. दहा मिनिटांनी बाई चालत परत आल्या.

"पलीकडच्या गल्लीत लावली. अख्खी गल्ली मोकळी आहे. दोन मिनिटं लागतात."

"सात महिने मोकळी होती?"

"मला काय विचारता? मोजायचं काम तुमच्याकडे होतं."

"मग ही जागा?"

"राहू दे तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकून जिना चढून गेल्या.

आता बाई रोज गाडीने कुठे ना कुठे जातात. निरीक्षक दहा ते चार खुर्चीवर असतात. डॉक्टरीणबाईंची काहीच तक्रार राहिलेली नाही. त्यांचा बाहेरचा हॉल आता पुरतो. मागच्या आठवड्यात त्यांनी खुर्चीसाठी एक उशीही पाठवली.

काल एक नवे पेशंट गाल धरून आले आणि स्टुलावर टेकले.

"तुमचा नंबर कितवा?"

"पहिला," निरीक्षक म्हणाले, आणि खुर्ची मध्यापासून जरा ढळली होती, ती दोन सेंटिमीटर सरकवून घेतली.