लग्नाच्या रजेचं समीकरण

चिमाबाईंच्या नातवाचं, रणजीतचं लग्न ठरलं. मुलगी पसंत, मानपान एका बैठकीत मिटलं. राहिली फक्त तारीख. ती काढायला भटजी पुरेसे नव्हते. रणजीत चाकणच्या एका कंपनीत, नवरी अनुया रस्त्यापलीकडच्या दुसरीत. त्यामुळे मुहूर्त दोन्हीकडचं एचआर काढणार होतं.

रणजीतच्या कंपनीचा नियम शहाणपणाचा होता. मागे एकानं लग्नाची रजा घेऊन गोवा पाहिला आणि अविवाहितच परतला. तेव्हापासून नवऱ्याला रजा नवरीच्या रजेच्या तारखेलाच. पलीकडच्या कंपनीत शहाणपण तेवढंच होतं: नवरीला रजा नवऱ्याच्या रजेच्या तारखेला.

चिमाबाईंनी थेट रणजीतच्या साहेबांना गाठलं. "पोराला रजा कवा देताय?"

"नवरीला मिळेल तेव्हा, आजी."

"आन् तिला?"

"याला मिळेल तेव्हा. सिस्टीम आहे."

साहेब मूळचे इंजिनिअर. त्यांना दया आली. फळ्यावर त्यांनी त्याची तारीख क्ष आणि तिची य मांडली. "क्ष म्हणजे य. आता ही किंमत दुसऱ्या समीकरणात घालायची." घातली. दोन्ही बाजूंचं सगळं उडालं, शून्य बरोबर शून्य उरलं. साहेबांचा चेहरा उजळला. "अभिनंदन! असंख्य उत्तरं आहेत. कुठलीही तारीख चालते!"

"मंग चौदा तारीख द्या."

"अशी एकच कशी देणार? बाकीच्या तारखांवर अन्याय होईल. ऑडिटला काय सांगू?"

"आन् मी मांडवात काय हुबं करू? शून्याशेजारी शून्य?"

साहेबांनी 'सूचनेची नोंद घेतली'.

लग्नाचा रावेतचा हॉल मात्र चौदालाच मोकळा होता. व्याही म्हणाले, "मग पुढच्या वर्षी बघू." मुलीच्या बापाचं 'बघू' म्हणजे दुसरं स्थळ, एवढं गणित चिमाबाईंना येत होतं.

त्यांनी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि अनुयाच्या कंपनीत जाऊन धडधडीत खोटं बोलल्या. "आमच्या पोराला चौदाची मिळाली बरं का." तिथल्या मॅडमनी तत्काळ चौदा टाकली. चिमाबाई रस्ता ओलांडून परत आल्या. "नवरीला चौदाची मिळाली." हे आता खरं होतं. साहेबांनीही चौदा टाकली. पुढच्या मीटिंगला दोन्ही कंपन्यांनी आपापल्या सिस्टीमसाठी टाळ्या वाजवल्या.

पत्रिका वाटून झाल्या. आचारी विचारू लागला, पानं किती? चिमाबाई घरोघरी फिरल्या. जो तो म्हणे, "शेजारचे निघाले तर येऊ." शेजाऱ्यांचंही तेच.

पत्रिका तुमच्याकडेही आलीय. तुम्ही अजून समोरच्या दाराकडे बघताय, समोरचे तुमच्या. असू द्या, डोक्याला त्रास नको. तुम्ही नक्की येताय, असं चिमाबाईंनी समोरच्यांना सांगून टाकलंय. आणि ते निघाले की तुम्ही चप्पल घालणार, हे चिमाबाईंना तुम्हाला न विचारताही ठाऊक आहे.