पुन्हा सव्वातीन

"तुम्ही व्हा पुढे, मी येतोच मागून," इंजिनिअरसाहेब म्हणाले. त्यांच्या समोरच्या वस्तूवर वर्तमानपत्र पांघरलेलं होतं.

"आम्हाला वाटेत लेकीची थोडी खरेदी आहे," बायको म्हणाली. "तुम्ही थेट स्टँडवर या. साडेपाचची गाडी आहे, बरं का. याल ना?"

"वेळेचं तू मला सांगतेस?"

मुलगी दारात सँडलचा पट्टा लावत होती. एवढासा पट्टा, पण लागता लागेना. साहेबांनी वर पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर वर्तमानपत्राखालचं गुपित तोंडावाटे बाहेर पडलं असतं. मग दार लागलं.

बापलेकीत महिनाभर अबोला होता. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली, आणि जेवताना तिने ती बातमी सांगताच साहेबांनी ताटावरूनच निकाल दिला, "तू जाणार नाहीस." ती म्हणाली, "मी जाणार." संपलं. पुढे मीठ हवं असलं तरी दोघंही आईमार्फत मागत. आता मात्र साहेबांना राहवेना. त्यांनी मुलीसाठी स्वतःच्या हातांनी एक टेबलावरचं घड्याळ बनवलं होतं. ते स्टँडवर तिच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "चुकलं माझं." दोनच शब्द, पण या माणसाने ते आजवर बायकोलाही ऐकवले नव्हते, त्यामुळे घड्याळाचा आधार लागणारच होता.

आता या घड्याळाच्या पोटात काय होतं ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. एक छोटा प्रोसेसर आणि एक वेळ मोजणारी चिप. दोघांमध्ये दोन तारा. एका तारेवर ठेका धरायचा, दुसरीवर बोलायचं, असा त्यांचा संसार. चिपजवळ स्वतःचा बटन सेल असतो. वीज गेली, जगबुडी झाली, तरी ती बिचारी आपली वेळ मोजत बसते. प्रोसेसरने फक्त विचारायचं, "किती वाजले?" की ती सांगते.

पण चिप कोरी असते तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिला वेळ सांगावी लागते. साहेबांनी प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहिली होती: चालू झाल्याबरोबर चिपला सांग, सव्वातीन वाजले. आज दुपारी ती लिहिली तेव्हा खरंच सव्वातीन वाजले होते. ही ओळ एकदा चालवून काढून टाकायची असते, आणि नेमकी तीच काढायची राहिली. म्हणजे घड्याळाची विजेची वायर काढून पुन्हा लावली, की प्रोसेसर डोळे उघडताच चिपवर ओरडणार: सव्वातीन! आणि चिप, तिला खरी वेळ ठाऊक असूनही, ती पुसून सव्वातीन मांडणार.

साहेबांनी वायर काढली, डब्याला रबरी पाय चिकटवले, वायर लावली. घड्याळाकडे पाहिलं. "अजून साडेतीन पण नाही? वा!" मग पुन्हा वायर काढून बझर जरा बारीक आवाजाचा बसवला. मग आकडे फार भगभगीत वाटले म्हणून एक रेझिस्टर बदलला. दर वेळी बघावं तर दुपार जागच्या जागी. "आज हात काय चाललाय माझा!" साहेब स्वतःशीच खूश झाले, आणि एवढा वेळ हाताशी आहे तर डब्याच्या कडाही घासून घेऊ म्हणून पॉलिश पेपर काढून बसले.

भिंतीवरच्या घड्याळाची काच या घड्याळाला लावली होती आणि त्याचा उरलेला सांगाडा पेटीत पडला होता. फोन कामात लुडबुड नको म्हणून मुका करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकू.

"अगबाई, तुम्ही घरीच? लेकीची गाडी ना आज?"

"साडेपाचला आहे, काकू. आत्ता तर कुठे साडेतीन होतायत."

"काहीतरीच! माझ्याकडे पाच वाजून गेले."

"तुमचं घड्याळ पुढे गेलंय," साहेब ठामपणे म्हणाले. "मागे घ्या."

इंजिनिअर माणूस सांगतोय म्हटल्यावर काकूंनी घरी जाऊन मुकाट्याने काटे मागे फिरवले. बिचाऱ्यांची संध्याकाळची गोळी त्या दिवशी चुकली.

खिडकीतलं ऊन उतरलं तेव्हा साहेबांनी "आभाळ आलंय वाटतं" म्हणून दिवा लावला. शेवटी घड्याळ खोक्यात घालून ते फोन घ्यायला गेले. फोनवर बायकोच्या मिस्ड कॉलची ही रांग, आणि वर वेळ: पावणेसहा.

"फोन बिघडला," साहेब म्हणाले. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. सगळ्या गावाचं घड्याळ बिघडलेलं नसतं, एवढं त्यांनाही कळलं, आणि ते खोकं छातीशी धरून धावत सुटले.

स्टँडवर बायको बाकावर एकटी बसली होती.

"गेली?"

"नाही, तुमच्यासाठी गाडी धरून ठेवलीय मी! गेली. शेवटपर्यंत दारात उभी होती, कंडक्टर ओरडेपर्यंत."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा मुद्दाम आले नाहीत."

साहेब बायकोशेजारी बाकावर बसले. धापा टाकत त्यांनी ती ओळ, त्या तारा, तो बटन सेल, सगळं सांगितलं. "अगं, चिपला वेळ बरोबर माहीत होती! मीच तिला न विचारता दर वेळी सांगत सुटलो."

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग नवीन काय केलंत? घरात तरी कधी कुणाला विचारलंय तुम्ही?"

 साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. आवाज कोरडा.

"अगं, त्या चिपला ना..." साहेब थांबले.  "तुला काय वाटतं? म्हणजे, तुला तिथे जावंसं वाटतंय का?"

पलीकडून घाबरलेला आवाज आला. "आईला फोन द्या. लगेच द्या."

बायकोने फोन कानाला लावला. "हो गं... नाही, तोंड वाकडं नाही झालेलं... हलतायत, दोन्ही हात हलतायत... अगं नाही, घाम धावत आल्याचा आहे. शुद्धीवरच विचारलंय त्यांनी." तिने फोन परत दिला. "ती म्हणते, पुन्हा विचारा."

साहेबांनी पुन्हा विचारलं.

"महिनाभर वाट बघितली मी या प्रश्नाची," मुलगी म्हणाली. "मला एवढं काही जायचं नव्हतं, बाबा. तुम्ही 'जाणार नाहीस' म्हणालात म्हणून मी 'जाणार' म्हणाले. एकदा नुसतं विचारायचं होतंत, थांबतेस का."

"मग?"

"थांबले असते."

एक गाडी फलाटाला लागली, माणसं उतरली, सामान उतरलं. साहेबांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

"मग आता..."

"आता विचारू नका हं, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "पुढच्या थांब्यावर खरंच उतरेन मी. आणि सकाळी तिथे हजर व्हायचंय मला."

प्रश्न साहेबांच्या अगदी ओठांवर आला होता. बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचाही तोच प्रश्न होता. साहेबांनी प्रश्न गिळला.

"उतरायचं नाही," ते म्हणाले. "सरळ जायचं. आणि पोहोचल्या पोहोचल्या फोन करायचा, काय?"

"बरं, बाबा," मुलगी म्हणाली. कधी नव्हे ते तिने उलटून एक शब्द काढला नाही.