रिकाम्या जागी तीस

ये, बस. त्या भिंतीला टेकू नकोस, चुना लागतो अंगाला. चहा येतोय, तोवर तुला सुयोगची गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरची आहे, पण घाबरू नकोस. मला त्यातलं काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी काय दिवे लावले, तेच तर सांगायचंय.

सुयोग तिरलोटकर भांडुपचा. बाप गिरणीत होता, गिरणी गेली, मग बापही गेला. आई सुलक्षणा, मूळची मालवणकडची, जिभेची तिखट आणि हाताची गोड. तिने पोराला इंजिनिअर केलं आणि पोराला पवईत काचेच्या बिल्डिंगीत नोकरी लागली. तो तिकडेच एक खोली घेऊन राहायला लागला, आई भांडुपलाच. कंपनीचं नाव निश्चल कन्सल्टंट्स. धंदा काय, तर जुन्या बिल्डिंगी तपासायच्या आणि 'ही अजून उभी राहील' असं सर्टिफिकेट द्यायचं.

तपासायची रीत साधी. खंडू नावाचा माणूस स्प्रिंगची हातोडी घेऊन घरोघर जायचा. पिलरवर हातोडी दाबायची, ती आतून उसळते आणि आकडा दाखवते. आकडा मोठा तर पिलर दमदार, बारका तर पिलरची वाट लागली. ते आकडे कॉम्प्युटरात जायचे. तिथे पायथॉन नावाची भाषा. नाव अजगराचं, पण चावत नाही. चावायला साहेब लोक पगारावर ठेवलेले असतात.

कंपनीने त्या भाषेत आपली एक लायब्ररी बनवली होती. पुस्तकांची नव्हे रे. हिशोब करणाऱ्या छोट्या छोट्या तुकड्यांची. त्यातले मोठे तुकडे, वारा किती सोसेल, भूकंप किती सोसेल, ते मोठ्या लोकांकडे. सुयोगकडे आलं ते 'युटिल्स'. म्हणजे घरात एक खण असतो बघ, कात्री, सुतळी, संपलेले सेल, कुठल्या कुलपाची ते ठाऊक नसलेली चावी, सगळं ज्यात कोंबलेलं असतं. तसला खण. फुटाचे मीटर करा, आकड्यामधला स्वल्पविराम काढा, तारीख सरळ करा. मान काही नाही, पण त्या खणाशिवाय कुणाचं पान हलत नाही.

एक दिवस आईचा फोन. म्हणाली, "झिला, सैपाकघरातल्या पिलरावरचा कॅलेंडर आता पुरणा नाय. जरा मोठा गावला तर बघ."

"पुरत नाही म्हणजे? भेग वाढली?"

"वाढूंदे मा. खाली सर्टिफिकेट लावलेला आसा, तुझ्याच हापिसाचा."

बाईचं बरोबर होतं. सोसायटीच्या जिन्याजवळ काचेच्या पेटीत सर्टिफिकेट होतं, वर सेक्रेटरी सीताराम काकांनी हार घातलेला. सुयोगने ऑफिसात बसून आपल्याच बिल्डिंगीचे आकडे उघडले. पहिला पिलर तीस, म्हणजे पास. दुसरा तीस. गच्चीच्या टाकीखालचा तीस. आईच्या स्वयंपाकघरातला, तोही तीस. बिल्डिंग आहे की लष्कराची परेड, असं वाटावं.

त्याने खंडूला गाठलं. खंडू म्हणाला, तुमच्या बिल्डिंगीत मला आत घेतलंच कुणी? दुपारी गेलो तर लोक झोपलेले. संध्याकाळी गेलो तर पाहुणे. एकीकडे पिलरला प्लायवूड मारून त्यात टीव्ही बसवलेला, एकीकडे देव्हारा. आणि तुमच्या मातोश्रींनी तर दारातूनच सांगितलं, पिलरच्या पुढ्यात फ्रिज आहे, तो हलवला की बंद पडतो. मग मी खोटा आकडा कशाला लिहू, रकाना रिकामा सोडला. इमानदारीत.

मग इमानदारीत सोडलेल्या रकान्यात तीस कुणी बसवला? सुयोगने आपलाच खण उचकला. तळाशी एक तुकडा सापडला, नाव 'फिल ब्लँक'. शाळेत असायचं ना, रिकाम्या जागा भरा? तेच. आकडा नसेल तर तीस धर. वर लिहिणाऱ्याने टीप ठेवलेली: सध्यापुरतं, नंतर बघू. आणि नंतर बघणारा तो माणूस केव्हाच कॅनडात जाऊन लाकडी घरात राहायला लागला होता.

सुयोग ऋता मॅडमकडे गेला. ही त्याची वरिष्ठ. वाईट बाई नव्हे, फक्त बढतीच्या तोंडावर होती. ती म्हणाली, "अरे, त्या 'फिल ब्लँक'ची टेस्ट आहे. रोज पास होते."

"टेस्ट काय तपासते, मॅडम?"

"रिकामं दिलं की तीस येतं का."

"आणि?"

"येतं ना. पास."

सुयोगला आईचा पिलर दिसत होता. त्याने एवढंच केलं, तीस पुसलं आणि तिथे लिहिलं, 'मोजलेलं नाही'. एक ओळ. घरी गेला, जेवला, झोपला.

सकाळी पवईत कल्लोळ. मुलुंडपासून मालाडपर्यंत कंपनीने पास केलेल्या अर्ध्याहून जास्त बिल्डिंगी कॉम्प्युटरवर लाल. मोठे साहेब, प्रज्योत सर, यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी शांत.

"सुयोग, काल संध्याकाळी आपल्या किती बिल्डिंगी सुरक्षित होत्या?"

"सगळ्या, सर."

"आणि आज?"

"आज माहीत नाही, सर. काल पण माहीत नव्हतं."

"काल, माहीत नाही हे कुणालाच माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. "या लोकांनी तीस तीस वर्षं ऊन-पाऊस काढला, बिल्डिंग हलली नाही. तू एका ओळीत झोपवलीस."

दुपारी पत्र आलं. 'आपण वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता उपनगरातील अनेक इमारती परस्पर असुरक्षित केल्या. याबाबत आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' पोराने खुलासा केला. तो कुणी वाचला नाही, पण पोचल्याची सही मिळाली.

मग समिती बसली. रिक्त नोंद अभ्यास समिती. अध्यक्ष कोण, तर कॅनडावाला. कारण विषयाचा अनुभव त्यालाच होता. तो स्क्रीनवरून बोलायचा, मागे बर्फ पडत असायचा. समितीने निष्कर्ष काढला की रकाना रिकामा असणं म्हणजे माहिती नाही असं नव्हे, तर रहिवाशांची तक्रार नाही असं समजावं. ज्या पिलरबद्दल तक्रार नाही तो उत्तम. सबब तीस हा आकडा अन्यायकारकरीत्या कमी असून तो पस्तीस करावा. 'फिल ब्लँक' हे नाव पोरकट वाटतं, म्हणून 'अनुभवसिद्ध मूल्य' असं ठेवावं. आणि एवढं महत्त्वाचं काम अडगळीच्या खणात शोभत नाही, ते मुख्य लायब्ररीत न्यावं. टेस्ट नवी लिहिली. रिकामं दिलं की पस्तीस येतं का? आलं. पास. ऋता मॅडमची बढतीही झाली.

सुयोग काही नमला नाही. रविवारी खंडूची हातोडी मागून घेतली आणि भांडुपला गेला. फ्रिज सरकवला. आईने शंख केला, फ्रिज खरंच बंद पडला. कॅलेंडर उचललं तर भेगेत त्याचा पंजा मावला, आत गंजलेली सळी. बाजूला जरा धड दिसलं तिथे हातोडी दाबली. आकडा आला अकरा. त्याने तो कंपनीच्या कॉम्प्युटरात चढवला आणि हार्डवेअरवाल्याकडून लोखंडी जॅक आणून पिलरशेजारी टेकू लावला. म्हणाला, आई, ही बिल्डिंग दुरुस्त होईपर्यंत हा हलवायचा नाही. आणि तू माझ्याकडे चल.

"आणि हय कोण रवात?" आई म्हणाली. "घर बंद ठेवला तर लोक म्हणतले, सून आणलीस नाय, आवशीक आधी भायर काढलंस."

अख्ख्या बिल्डिंगीत खरा मोजलेला आकडा तेवढा एकच, अकरा. त्या एका आकड्याने सर्टिफिकेट खाली आलं: 'दुरुस्ती आवश्यक'. सोसायटीची तातडीची सभा लागली. सुयोग उभा राहिला, हात जोडून म्हणाला, काका, सगळ्यांनी दारं उघडा, सगळे पिलर मोजून घेऊ. लोक असे बघायला लागले की जणू त्याने कपाटाच्या चाव्या मागितल्या. सीताराम काका म्हणाले, बाळा, मोजलं की कळणार. कळलं की घर खाली करा म्हणणार. मग जायचं कुठे, तुझ्या पवईला? आमचा पस्तीस होता रे, सुखाने नांदत होतो. तुझ्या घरात अकरा निघाला तर तुझं घर वाईट.

ठराव झाला, एकमताने. तिरलोटकरांनी स्वयंपाकघरात लावलेला जॅक हे विनापरवाना बांधकाम असून त्यामुळे मजबूत इमारतीची बदनामी होते, सबब तो काढावा. सुयोग कामावर असताना चार जण आले आणि जॅक काढून नेला. सुलक्षणाबाईने त्यांना चहा दिला. शेजारी होते ना.

इकडे कंपनीत काय झालं ऐक. मुलुंडच्या एका सोसायटीने तक्रार केली की आमची बी विंग मोजली, ती एकोणीस निघाली. ए विंग मोजलीच नाही, ती पस्तीस. मग आमच्यावरच अन्याय का? प्रज्योत सरांना मुद्दा पटला. मोजणी बंद झाली. हातोडी रिसेप्शनवर काचेच्या कपाटात गेली, वर दिवा सोडला. खंडूला मात्र काढलं नाही, कंपनी माणुसकीची. त्याला नवं काम दिलं, सोसायट्यांना कंपनीचं कॅलेंडर वाटायचं. चांगलं मोठं, जाड कागदाचं, खाली लिहिलेलं: 'आपण निश्चिंत राहा'. एक सुलक्षणाबाईलाही मिळालं. भेगेवर झकास बसलं.

पुढचं तुला कळलंच असेल. एका सकाळी खाली कोळीण हाक मारत होती. तिचे बोंबील ताजे असतात म्हणून बाई पिशवी घेऊन उतरली. भाव करत असतानाच वरून आवाज आला. पिलर, स्लॅब, फ्रिज, कॅलेंडर, सगळं खालच्या घरात. खालचे गावाला गेलेले, म्हणून माणूस वाचला. बोंबलांनी बाईला वाचवलं, इंजिनिअर पोराला नाही जमलं.

मोजणी बंद असली, तरी नियमाप्रमाणे कंपनीला पुन्हा नोंद करायची होती. खंडू गेला, बघून आला. पिलर तर राहिलाच नव्हता, आकडा कशाचा लिहिणार? रकाना रिकामा सोडला. इमानदारीत. कॉम्प्युटरने पस्तीस बसवला. अकरा गेला, पस्तीस आला, आणि तिरलोटकरांची बिल्डिंग पुन्हा पास झाली. पहिल्यापेक्षा जास्त मार्कांनी. सीताराम काकांनी नव्या सर्टिफिकेटला नवा हार आणला. सुयोगला कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं, की आपल्या इमारतीत झालेली सुधारणा इतरांनी आदर्श घेण्याजोगी आहे.

सुयोगने ते पत्र आईला वाचून दाखवलं. ती आता त्याच्या एका खोलीत, खिडकीपाशी खाट टाकून असते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ता कॅलेंडर गावला काय रे? त्यावर गॅसची तारीख लिवलेली होती."

हसतोस काय? मोजणी बंद व्हायच्या आधी तुमच्याकडे हातोडीवाला आला होता, तेव्हा दार तूच लावून घेतलंस ना? पाहुणे आलेत म्हणून? आमच्याकडेही पाहुणेच होते म्हण. तुझ्याही जिन्याखाली पस्तीसच लिहिलंय, माझ्याही. आता घरी जा आणि तुमच्या पिलरवर काय टांगलंय ते एकदा उचलून बघ. आणि एवढं ऐक माझं, जाताना आमचं दार जरा हळू लाव.